फिल्टर लावलात, व्हॉल्व्ह मात्र फॉर्मॅलिनमध्ये घातलात : बडोद्यातील हृदयशस्त्रक्रिया रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
बडोदा शहरातील हृदयशस्त्रक्रिया करणारी सर्व रुग्णालये, तेथील हृदयशल्यविशारद आणि व्यवस्थापन

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी ज्या रुग्णालयात माझ्या भावाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याला मी काही महिन्यांपूर्वी त्याबद्दल प्रश्न विचारणारं पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं ते दोन ओळींचं. इन्फेक्टेड व्हॉल्व्हच्या, म्हणजे जंतूंची लागण झालेल्या हृदयाच्या झडपेच्या, प्रत्येक ऑपरेशनमध्ये सायटोकाइन फिल्टर (रक्तातली दाहाची रसायनं गाळणारं नळकांडं) लावणं हा आमचा रूटीन प्रोटोकॉल आहे आणि संमतिपत्रावर नातेवाइकांची सही आहे, एवढंच त्यात होतं. मी विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्यात हात घातलेला नव्हता. तेव्हा आता उघड लिहितेय, आणि सगळ्यांना लिहितेय. त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही. एकाला बोल लावला की बाकीचे सुटतात, आणि ओळखीपाळखीत विचारपूस केल्यावर जे ऐकू आलं ते एकाच दारापुरतं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या बाटल्या, प्लेटा आणि इन्क्युबेटर यांच्यात उमेदीची वर्षं गेली. आजारी पडला तो माझा धाकटा भाऊ. लहानपणी आम्ही दांडिया बाजारात राहत असताना त्याला सांधे सुजून ताप आला होता, त्यात मायट्रल व्हॉल्व्ह बिघडला. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला आई त्याला धरून न्यायची आणि तो रावपुऱ्यापर्यंत रडत जायचा. पुढे इंजेक्शनं थांबली, नोकरी लागली, संसार झाला. व्हॉल्व्ह गळतो आहे हे घरातले जवळजवळ विसरले होते.

गेल्या वर्षी त्याला बारीक ताप येऊ लागला. व्हायरल असेल म्हणून गोळ्यांचा एक कोर्स झाला, मग दुसरा. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. मला कळलं तोवर दोन्ही कोर्स पोटात गेले होते आणि त्याच्या शर्टाची कॉलर सैल झाली होती. इकोमध्ये मायट्रल व्हॉल्व्हवर जंतूंचा झुपका दिसला. मग भरती, मग ऑपरेशन. तो वाचला, घरी आहे, हळूहळू चालतो. सर्जनच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. आधीच कुजलेल्या जागेत नवा व्हॉल्व्ह टाके घालून बसवणं सोपं नसतं, एवढं मला कळतं. तक्रार आहे ती त्या हाताच्या आजूबाजूला काय झालं आणि काय झालं नाही याबद्दल.

आधी फिल्टरबद्दल, कारण उत्तरात तुम्ही तेवढ्याचाच उल्लेख केलात.

भाऊ टेबलावर होता. बाहेर आम्ही बसलो होतो. एक तरुण डॉक्टर फॉर्म घेऊन आले, भावजयीला म्हणाले, इन्फेक्शन जास्त आहे, शरीरात इन्फ्लमेशन फार होईल, एक फिल्टर लावायचाय, इथे सही करा आणि खाली फार्मसीत पैसे भरून या. फॉर्म इंग्रजीत होता. किती पैसे, हे फार्मसीच्या खिडकीवर कळलं. लाखाच्या घरातली रक्कम. माझ्या भाच्यानं कार्ड दिलं, खिडकीतून एक खोका आला, तो छातीशी धरून तो लिफ्टकडे पळाला. या अवस्थेत कुठली बायको म्हणेल की थांबा, मला आधी याचा पुरावा दाखवा? या सहीला तुम्ही संमती म्हणता. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलंय की संमती घेताना उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, धोके आणि नकार दिला तर काय होईल, हे रुग्णाला समजेल इतपत सांगितलं पाहिजे. आमच्या वाट्याला यातला हेतू आला, तोही अर्धाच. बाकी काही नाही. पुढे मेडिक्लेमवाल्यांनी ती रक्कम कापली ते वेगळंच.

घरी आल्यावर मी या फिल्टरबद्दल वाचलं. सवय आहे, आणि निवृत्तीनंतर वेळही. न्यायानं सांगायचं तर त्यामागचा तर्क वेडगळ नाही. हार्ट-लंग मशीनवर रक्त प्लास्टिकच्या नळ्यांमधून फिरतं, परक्या पृष्ठभागाला लागतं, हृदय काही काळ रक्ताविना राहून पुन्हा चालू होतं, आणि या सगळ्याला शरीर दाहानं उत्तर देतं. इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी रसायनं रक्तात उसळतात. ज्याच्या व्हॉल्व्हवर आधीच जंतू बसलेत त्याच्यात ती आधीपासूनच चढलेली असतात. मग ऑपरेशननंतर रक्तदाब उतरतो, तो चढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनवर ठेवावं लागतं, किडनी आणि फुप्फुसं कुरकुरतात. फिल्टरच्या नळकांड्यात साबुदाण्याहून बारीक, सच्छिद्र मणी असतात, मशीनमधलं थोडं रक्त त्यातून फिरवतात आणि ठरावीक आकाराचे रेणू मण्यांना चिकटून राहतात. रसायन उतरलं म्हणजे अवयव वाचतील, असा हिशेब.

हिशेब पटण्यासारखा आहे. म्हणूनच तो तपासून पाहिला गेला. जर्मनीतल्या १४ केंद्रांनी मिळून नेमक्या याच रुग्णांवर, म्हणजे इन्फेक्टेड व्हॉल्व्हच्या ऑपरेशनला आलेल्यांवर, चाचणी केली. नाव रिमूव्ह. २८८ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी : काहींना फिल्टर, काहींना नाही. २०२२ मध्ये ती 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात आली. इंटरल्युकिनपैकी काही फिल्टरवाल्या गटात खरंच कमी झाली. पण ऑपरेशननंतर अवयव किती बिघडले, यात दोन्ही गटांत फरक पडला नाही. ३० दिवसांतले मृत्यू एका गटात २१ टक्के, दुसऱ्यात २२. व्हेंटिलेटरवरचा काळ, रक्तदाबाची औषधं, डायलिसिस, कशातच फरक नाही. कागदावरचे आकडे खाली आले, रुग्णाच्या पदरात काही पडलं नाही.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. स्टेरॉइडनं हा दाह आवरता येईल अशी आशा कितीतरी वर्षं होती. नेदरलँड्समध्ये ४,४९४ रुग्णांवर डेक्सामेथासोन वापरून पाहिलं, २०१२ मध्ये निकाल आला. मग १८ देशांत ७,५०७ रुग्णांवर मिथाइलप्रेडनिसोलोन, त्याचा निकाल २०१५ मध्ये. हे सगळे नुसते इन्फेक्शनवाले नव्हते, हार्ट-लंग मशीनवर जाणारे साधारण हृदयरुग्ण होते. मृत्यू कमी झाल्याचं दोन्हीकडे दिसलं नाही. दाहाचं रसायन कमी करणं आणि माणूस वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच कळलं होतं.

तुमच्यातले काही म्हणतील, सगळ्यांना नाही, पण अगदी कोसळलेल्या रुग्णाला उपयोग होत असेल. असेलही. छोट्या अभ्यासांमधून तसं म्हणणारे लोक आहेत आणि रुग्ण समोर खचत असताना सर्जननं हाताशी असेल ते वापरावं याला माझी ना नाही. पण मग त्या रुग्णाच्या केसपेपरवर तसं लिहा : नॉरअ‍ॅड्रेनलिन इतकं चालू आहे, लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय याची खूण) इतकं आहे, म्हणून लावतोय. माझा भाऊ ऑपरेशनला गेला तेव्हा त्याचा रक्तदाब बिनऔषधाचा ठीक होता. त्याला फिल्टर लागला तो रूटीन म्हणून. माझा आक्षेप या रूटीनला आहे.

आणि हो, तो वाचला हे फिल्टरमुळे का, असं मला दोघातिघांनी विचारलं. एका माणसावरून ते मला सांगता येणार नाही, सर्जनलाही नाही. त्यासाठीच २८८ माणसं लागतात.

आणखी एक गोष्ट. हे मणी आकार पाहून धरतात, चांगलं-वाईट पाहून नाही. दाह आवरणारी रसायनंही त्यात जातात आणि काही औषधंही. ज्या रुग्णाचा जीव अँटिबायोटिकच्या पातळीवर टांगलेला आहे त्याच्या बाबतीत याचा विचार कुणीतरी केला असेल, म्हणून मी फाइल मागितली. ७२ तासांत ती द्यावी असा २००२ पासूनचा मेडिकल कौन्सिलचा नियम आहे, मला जास्त वेळ लागला, पण मिळाली. परफ्यूजनच्या, म्हणजे हार्ट-लंग मशीनच्या नोंदींच्या कागदावर फिल्टरचं स्टिकर व्यवस्थित चिकटवलेलं आहे, बॅच नंबरसकट. अँटिबायोटिकच्या डोसबद्दल त्या काळात एक अक्षर नाही.

आता ज्या विषयातलं मला खरंच कळतं, तिकडे येते.

भाऊ तुमच्याकडे आला तेव्हा इमर्जन्सीत आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं गेलं आणि रक्त नंतर काढलं गेलं. फाइलमध्ये दोन्हींच्या वेळा आहेत, तिथेच दिसतं. व्हॉल्व्हच्या इन्फेक्शनची शंका असेल तर औषध देण्याआधी कल्चरचे तीन संच, अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतरानं, वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यावेत, हे कुठल्याही पुस्तकात आहे. तो शॉकमध्ये नव्हता, म्हणजे रक्तदाब कोसळलेला नव्हता. दीड तास थांबता आलं असतं. तुम्ही एकाच दंडातून, एकाच वेळी, दोन बाटल्या भरल्यात. आणि भरल्यात तरी किती? कल्चरच्या बाटलीच्या बाजूला मापाच्या रेषा असतात. मोठ्या माणसाच्या बाटलीत आठ ते दहा मिली रक्त हवं. या आजारात रक्ताच्या एका मिलीत मोजकेच जंतू असू शकतात, रक्त कमी घेतलं तर तेच हुकतात. माझ्या नोकरीत वॉर्डातून येणारी बाटली उजेडाकडे धरली की रक्त तळाशी तीन मिलीवर दिसायचं. आम्ही फोन करायचो, वॉर्डातून उत्तर यायचं की पेशंटची शीर सापडत नाही. भावाच्या बाटल्या मी पाहिलेल्या नाहीत. पण कल्चर निगेटिव्ह आलं याचं मला नवल वाटलं नाही.

जंतूचं नाव कळलं नाही की अंधारात औषध चालवावं लागतं. दोन-तीन अँटिबायोटिक एकदम, सहा आठवडे. त्यातली काही किडनीला जड.

वाटेत आणखी एक वळण आलं. झुपका दहा मिलिमीटरच्या वर होता, व्हॉल्व्ह जोरात गळत होता. ऑपरेशन करायचं हे ठरलेलं होतं, कधी ते ठरत नव्हतं. कार्डिओलॉजिस्ट म्हणायचे सर्जन सांगतील, सर्जनकडून निरोप यायचा अँटिबायोटिक आणखी जाऊ द्या. मध्ये शनिवार-रविवार. मग एका सकाळी त्याच्या हातातला चहाचा कप सुटला. डावा हात जड झाला होता. झुपक्याचा तुकडा मेंदूकडे गेला होता. नशिबानं लहान. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की अशा तातडीच्या रुग्णाचं ऑपरेशन तीन ते पाच दिवसांत व्हावं. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये एक चाचणी झाली, ७६ रुग्णांची, लहानच. मोठा झुपका आणि बिघडलेला व्हॉल्व्ह असलेल्यांचं ४८ तासांत ऑपरेशन केलं त्यांच्यात मृत्यू किंवा तुकडा सुटण्याचं प्रमाण ३ टक्के, नेहमीच्या पद्धतीनं थांबलेल्यांत २३. दाह कमी करायचा तर तो जिथून उठतो ते घर लवकर उपटायला हवं होतं. त्यासाठी खोक्यातून फिल्टर आणायची गरज नव्हती.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी मुळात कागद-पेन घेतलं.

ऑपरेशनमध्ये काढलेला व्हॉल्व्ह म्हणजे या आजारातला सगळ्यात मोलाचा नमुना. रक्तात जंतू सापडले नाहीत तरी तिथे सापडण्याची शक्यता असते, ते तिथेच तर राहत होते. कल्चर करता येतं, नाही वाढले तर पीसीआर करून जंतूचा डीएनए ओळखता येतो. बार्टोनेला, कॉक्सिएला असले साध्या बाटलीत न वाढणारे जंतूही त्यात पकडले जातात. पुढचं औषध किती दिवस द्यायचं हेही त्यावर ठरतं : व्हॉल्व्हच्या कल्चरमध्ये जंतू वाढले तर पूर्ण कोर्स ऑपरेशनच्या दिवसापासून नव्यानं मोजायचा, नाही वाढले तर आधीचे दिवस धरायचे. हे सगळं साधतं एका अटीवर. तुकडा निर्जंतुक डबीत, कोरडा किंवा थोड्या सलाईनमध्ये, लगेच लॅबला गेला पाहिजे.

भावाचा अख्खा व्हॉल्व्ह फॉर्मॅलिनमध्ये टाकला गेला.

मी पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. 'नमुना फॉर्मॅलिनमध्ये प्राप्त.' मायक्रोबायोलॉजीकडे काहीच गेलं नव्हतं. फॉर्मॅलिन म्हणजे नमुना टिकवायचं रसायन. त्यात पडल्यावर जंतू मरतो, त्याचं कल्चर होत नाही, डीएनएचेही तुकडे पडतात. पॅथॉलॉजिस्टनं आपलं काम केलं, दाहाच्या पेशी आहेत, जंतूंचे पुंजके दिसतात असं लिहिलं. कुठले जंतू, ते आता खात्रीनं सांगणं फार अवघड आहे. ज्या टेबलावर लाखाचं नळकांडं जोडायला दोन माणसं होती, तिथे व्हॉल्व्हचा एक तुकडा वेगळ्या डबीत घालायला कुणाला सांगितलेलं नव्हतं. ती डबी फार तर वीस रुपयांची असेल.

परिणाम असा की भावाला ऑपरेशनच्या दिवसापासून पुन्हा सहा आठवडे अंदाजानं औषधं द्यावी लागली. चौथ्या आठवड्यात क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनी थकली, आणि जेंटामायसिन हे अँटिबायोटिक बंद करावं लागलं. फिल्टरनं जी किडनी वाचवायची होती, तीच. कानात अजून शिट्टी वाजते असं तो म्हणतो.

माझ्या मागण्या अशा.

सायटोकाइन फिल्टर रूटीनमधून काढा. ज्याला लावायचा त्याच्या केसपेपरवर कारण लिहा, सर्जनच्या सहीनं, आणि तो असताना अँटिबायोटिकचा डोस पुन्हा तपासल्याची नोंद ठेवा. नियोजित ऑपरेशन असेल तर याबद्दल आदल्या दिवशी बोला, रुग्ण शुद्धीवर असताना, त्याच्याशीच बोला. गुजराती, मराठी, हिंदी, ज्याला जी येते तीत. काय आहे, कशासाठी आहे, मोठ्या चाचणीत काय दिसलं, किंमत किती, विमा देतो का, आणि नको म्हटलं तर ऑपरेशन अडणार नाही. अर्ध्या पानात मावेल एवढं आहे. स्टेंटच्या किमतीला २०१७ मध्ये सरकारनं मर्यादा घातली, बिलात त्याचं नाव आणि किंमत वेगळी दाखवावी लागते. तेवढा उघडेपणा फिल्टरच्या बाबतीत सरकारनं सांगायची वाट न पाहता दाखवा.

इमर्जन्सीत कल्चर आधी, इंजेक्शन नंतर, हे नर्सिंग स्टाफच्या हातात द्या. जुना व्हॉल्व्हचा आजार अधिक ताप, एवढं दिसलं की तीन संच काढायचा अधिकार त्यांना असू द्या, डॉक्टरची वाट न पाहता. बाटली कुठवर भरायची ते भिंतीवर लावा.

या आजाराचा रुग्ण आला की कार्डिओलॉजिस्ट, सर्जन आणि मायक्रोबायोलॉजिस्ट यांनी पहिल्या दोन दिवसांत एकत्र बसावं, फोनवर का होईना, आणि ऑपरेशन कधी व का थांबलंय हे तारखेसह लिहावं. एकमेकांच्या नावानं निरोप पाठवू नयेत.

ऑपरेशन थिएटरमध्ये दोन डब्या. एक फॉर्मॅलिनची, एक रिकामी निर्जंतुक. स्वच्छ हातमोज्यांनी आधी रिकामीत तुकडा जाईल, मग उरलेला दुसरीत. सर्जिकल चेकलिस्टवर त्याची एक ओळ असू द्या.

आणि गेल्या तीन वर्षांत तुम्ही किती जणांना फिल्टर लावलात, त्यातले किती घरी गेले, आणि किती जणांचा व्हॉल्व्ह कल्चरला गेला, हे आकडे जाहीर करा. नावं नकोत, आकडे. पहिला आकडा फार्मसीच्या कॉम्प्युटरवर एका बटणात मिळेल. शेवटचा शोधायला वेळ लागेल असं वाटतं.

महिनाभरात लेखी उत्तर द्यावं ही विनंती, आणि या वेळी प्रश्नांना द्यावं. यातलं माझं काही चुकत असेल तर तसं लिहा, मी ते इथेच छापीन. दोन डब्यांचं काम थिएटरच्या स्टाफला समजावून द्यायला मी स्वतः यायला तयार आहे. अर्ध्या तासाचं काम आहे, मानधन नको, फक्त सकाळची पहिली केस सुरू व्हायच्या आधीची वेळ द्या.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
बडोदा